पाहायची परवानगी

रात्रीचा दीड. सातपूर एमआयडीसी,
प्रयोगशाळेचा दुसरा मजला.
सकाळी सहाला पिंपळगावहून द्राक्षांचा कंटेनर निघायचाय
आणि त्याचा अहवाल चाळीस मिनिटं झाली
अर्ध्या पानावर अडकलाय.

भामरे साहेब भाच्याच्या लग्नाला कळवणला.
रूटचा पासवर्ड त्यांच्यासोबत हळदीत.
फोन लागत नाही.
माझ्याकडे साधं लॉगिन, एक काळी खिडकी,
आणि चहा, ज्यावर साय धरलीय.

सगळे म्हणतात, आधी प्रोसेसर बघ.
बघितला. बसून आहे.
शंभरातले ब्याऐंशी नुसते वाट बघण्यात,
काम नाही आणि विश्रांतीही नाही.
मेमरी मोकळी. स्वॅप शांत.
म्हणजे डिस्क.

आयओस्टॅट, पाच-पाच सेकंदांनी.
पहिला आकडा सोडून द्यायचा,
ती मशीन सुरू झाल्या दिवसापासूनची सरासरी,
लग्नात भेटलेल्या लांबच्या आत्याबाईंसारखी,
आजचं काहीच सांगत नाही.
दुसऱ्यापासून खरं बोलणं:
डिस्क शंभर टक्के गुंतलेली,
एकेका मागणीला चारशे मिलिसेकंद,
मागे रांग.
आणि हे बघ,
जेवढं वाचतेय, तेवढंच लिहितेय.

कोणीतरी नक्कल उतरवतंय.

प्रोसेसच्या यादीत डी अवस्थेतले सात.
डी म्हणजे अशी झोप
की हाकेने मोडत नाही.
सहा आमचेच, बिचारे, रांगेतले.
सातवा रोज एक दहाला उठणारा,
मालकाचं नाव: दुसाने.

दुसाने काका दिवाळीत निवृत्त झाले.
खिशाला कायम दोन पेनं.
एका उन्हाळ्यात वीज गेली आणि तीनशे नमुन्यांचे निकाल गेले,
तेव्हापासून प्रत्येक गोष्टीची रात्री एक जोड.
आणि सकाळी आठला येऊन
जुनी जोड स्वतःच्या हाताने पुसायची.
उतरवणं मशीनला शिकवलं होतं त्यांनी.
पुसणं नाही. पुसण्याचा विश्वास
ते कुणावर टाकत नसत.

त्यांचा क्रॉनटॅब मला उघडत नाही.
त्यांची प्रोसेस किती गिळतेय, तेही उघडत नाही.
पण फोल्डरांची नावं दिसतात, तारखांची,
नोव्हेंबरपासून एकही न पुसलेली.
डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरलेली,
सुई जागा शोधत फिरतेय,
सणात गोदाकाठी गाडी लावायला फिरतात तशी.

थांबवून बघितलं.
परवानगी नाही.
माहीत होतं. तरी एकदा बघितलं.

पूर आला की आम्ही दुतोंड्या मारुतीकडे बघतो.
गुडघ्याला लागलं. कमरेला लागलं. छातीला.
गंगापूरचे दरवाजे कुणाच्या तरी दुसऱ्याच्या हातात,
आणि मोजायला आम्हाला कुणी नेमलेलं नाही,
तरी पुलावर उभं राहून
अख्खं गाव मोजतं.

मी मोजलं. पाच सेकंदांचे साठ नमुने,
वेळ, नाव, तारखांची फोल्डरं, किती जागा उरली,
सगळं भामऱ्यांना लिहून पाठवलं.
एकही विशेषण नाही.

पगारे वॉचमन टॉर्च घेऊन वर आले.
काय झालं मॅडम?
कळलं.
म्हणजे दुरुस्त झालं?
नाही. कळलं.
ते जरा वेळ थांबले, मग खिडकी लावून घेतली,
फेब्रुवारीची थंडी आत येत होती.

चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर: ओके.
एवढंच.
मग ब्याऐंशीचे चाळीस, चाळीसचे तीन.
यादीतून दुसाने नाव गेलं
आणि प्रिंटर खोकून सुरू झाला.
कंटेनर वीस मिनिटं उशिरा निघाला.

नऊला मी काकांना फोन केला.
मागे कुकरची शिट्टी.
म्हटलं, तुमचं ते रात्रीचं अजून चालू होतं, काका.
हसले. अजून?
मग म्हटलं, आज थांबवलं.
शिट्टी परत एकदा झाली.
बरं केलंत, म्हणाले.

आणि आज रात्रीची नक्कल
कोण उतरवणार?